चार का पाच?

विहिरीत बार लावला की पळायचं, हे कोणालाही कळतं. ते शिकवावं लागत नाही. परत खाली कधी उतरायचं, हे सांगायला माणूस लागतो. आमच्या टोळीत ते काम माझ्या बायकोकडे होतं.

मी चौथी शिकलेला माणूस. त्यातली चौथी अर्धी. विहिरी पाडायची टोळी चालवली, डोणगावच्या आसपास, मेहकर तालुक्यात आणि वर संग्रामपूरच्या अंगानं सातपुडा दिसायला लागतो तिथवर. किती विहिरी पाडल्या ते मोजलं नाही. ज्यांना पाणी लागलं नाही ते लोक अजून बाजारात दिसले की तोंड फिरवतात. ज्यांना लागलं ते तर ओळखच देत नाहीत. पाणी लागलं की ते त्यांच्या नशिबाचं, नाही लागलं तर मुकादमाची चूक. असा हा धंदा.

ज्यांनी विहीर पडताना पाहिली नाही त्यांच्यासाठी सांगतो. वर काळी माती, तिला फावडं पुरतं. खाली मुरूम, त्याला टिकाव आणि सब्बल. त्याच्या खाली काळा दगड लागला की हत्यार थांबतं. मग दगडात छन्नी धरायची, वरून घण घालायचा, घावागणिक छन्नी थोडी फिरवायची. असं हातभर भोक पडायला अर्धा दिवस जातो. अशी चार-पाच भोकं पाडायची, त्यात दारू ठासायची, वात लावायची. वाती मुद्दाम लहानमोठ्या कापायच्या, म्हणजे बार एकामागून एक उडतात आणि मोजता येतात. पाच वाती पेटवल्या तर पाच बार उडाले पाहिजेत. चारच उडाले तर पाचवा दगडात तसाच बसलेला आहे. त्याच्यावर सब्बल पडली की तो उडणार, आणि तेव्हा पळायला वेळ नसतो.

सगळं मोजण्यावर आहे. आणि मोजायला सांगितलं की दहा माणसं दहा आकडे सांगतात.

महाराष्ट्र राज्य तेव्हा नवं होतं आणि जो तो विहीर पाडायच्या मागं लागला होता. धडधाकट, कामसू माणसं मोठ्या टोळ्यांनी आधीच उचलली होती. मला उरलेली मिळाली. लोक पुढं म्हणायचे, या मुकादमानं माणसं बरी पारखली. पारखली कशाची, निवडायला होतंच कोण?

शेषराव इतका संथ होता की त्याला कोणी कामावर ठेवत नसे. तंबाखू मळायला घेतली की दुसऱ्याचं जेवण आटपायचं. त्याला मी दारू ठासायला बसवलं. दारू लाकडी दांड्यानं हळूहळू ठासावी लागते. तिथं चपळ माणूस म्हणजे संकट. शेषरावनं एवढ्या वर्षांत एकदाही घाई केली नाही. त्याला ती येतच नव्हती.

वामन भित्रा. साधा बेडूक पायावर उडाला तरी मागं सरकायचा. त्याला मी वर रस्त्यावर उभा केला, बार लागला की माणसं-जनावरं अडवायला. धीट माणसाला ठेवलं असतं तर तो म्हणाला असता, जा, काही होत नाही. वामन कलेक्टरलाही जाऊ देणार नाही, असा घाबरून ओरडायचा.

तुळशीराम घणवाला. ताकद भरपूर, तोंड त्याहून जास्त. थांबायचा दम नावाची गोष्ट नाही. बार उडाले की पहिलं खाली उतरायचं, हा त्याचा मान होता. त्यानंच तो घेतला होता आणि कोणी काढून घ्यायला गेलं नाही. दोन-तीन बाया आणि गडी, फुटलेला दगड बैलांनी वर ओढायच्या दोरचाकावर, टोपल्यावर. आणि मी वाती पेटवणारा. अंगानं हलका, पायानं चपळ, म्हणून पेटवून वर चढायचं काम माझं.

माझी बायको गोदा आधी टोळीत नव्हती. ती माझी भाकर घेऊन यायची. एक दिवस बार उडाले, आम्ही उतरायला उठलो, तर ही म्हणे, "एक राह्यला."

तुळशीराम हसला. "वैनी, तुमी भाकरी मोजा."

शेषरावची तंबाखू मळून व्हायची होती, म्हणून थांबलो. दुसरं कारण नव्हतं. मग वरून भोकात पाणी ओतलं आणि उतरून पाहिलं, तर कडेच्या भोकात दारू तशीच. वात मध्येच विझलेली.

मी तिला विचारलं, "तुले कसं समजलं?"

"पायाले समजलं. आवाज कोठूनबी येते. दणका खालूनच येते."

ती अनवाणी होती. आम्ही सगळे वहाणा घालून. एवढाच फरक.

तेव्हापासून मोजणी तिची. तिनं पद्धतही लावून घेतली. काळ्या मातीत दणका मरतो, म्हणून ती गलक्यापासून दूर, उघडा मुरूम पाहून उभी राहायची. जितक्या वाती तितके गोटे डाव्या मुठीत. दणका आला की एक गोटा उजवीत. डावी मूठ रिकामी झाली की ती डावा हात उघडून वर करायची. तो हात दिसला की मी ओरडायचो, "उतरा!" बाकीचे बांधाआड माना खाली घालून पडलेले असत. त्यांना हात दिसत नसे. त्यांना माझा आवाज पुरे होता.

अशी ती टोळी. एकही माणूस सगळ्या कामाचा नाही, पण एकेक जण एकेका कामाला असा बसला की दुसरा तिथं चालणार नाही. मला त्याचा गर्व होता. तो होता म्हणूनच पुढचं झालं.

गिऱ्हाईक एकेक भेटायचे. एकानं चौकोनी विहीर मागितली, कारण शेजाऱ्याची गोल होती. एक जण रोज सकाळी येऊन विहिरीत डोकावून विचारायचा, "आलं काय?" जसं काही पाणी कोणाच्या पाहुण्यासारखं गाडीनं यायचं होतं. पण ज्या विहिरीचं सांगायला बसलो ती दोन चुलतभावांची. म्हणजे विहिरी दोन. वाटणी होऊन मध्ये बांध पडला होता. थोरल्या पाटलानं बांधाच्या पलीकडं विहीर काढली, म्हणून धाकट्यानं अलीकडं काढली. थोरल्याची टोळी जालन्याकडची, धाकट्याची आमची. पाणी आधी कोणाला लागतं, यावर दोन्हीकडचे सोयरे बैलांच्या शर्यतीचा शंकरपट पाहायला बसावं तसे बांधावर बसून राहत. पान-सुपारी, चहा, सगळं तिथंच.

दोन टोळ्या जवळ असल्या की एक रीत असते. बार लावायच्या आधी एकमेकांना आरोळी द्यायची. पहिले काही दिवस दिली. मग शर्यत चढली तसे दोन्ही पाटील म्हणाले, त्यांना काय सांगायचं? आणि आम्ही दोघं मुकादम येडे, ऐकलं.

त्या दिवशी सकाळी पलीकडं ओल लागली. खडकातून पाणी पाझरायला लागलं. आरडाओरड झाली, नारळ फुटला, गुलाल आमच्या बांधापर्यंत उडाला. धाकटे पाटील माझ्याजवळ आले.

"मुकादम, त्यायले ओल लागली. तुमी काय वाती वळत बसले काय?"

शेषराव तंबाखू मळत होता. त्याच्याकडं पाहून पाटील म्हणाले, "हा माणूस जिता हाय ना?"

सोयरे हसले. मला ते लागलं. दुपारपर्यंत पाच भोकं झाली. शेषरावनं ठासली. मी पाच वाती पेटवल्या आणि वर आलो.

एक. दोन. तीन. मग जरा थांबून चार. आणि लगेच पाच.

मी कानानं पाच ऐकले. आजही कानात पाचच आहेत.

गोदाकडं पाहिलं. हात वर नाही. थोडा वेळ थांबलो. हात नाहीच. मग मी तिच्याकडं चालत गेलो. शंभरेक पावलं असतील. तिनं डावी मूठ उघडून दाखवली. एक गोटा.

"चारच."

"पाच उडाले. म्या आयकले."

"एक तिकडचा व्हता. त्यायच्या विहिरीतला. आपला दणका चार डाव आला."

"तिकडून आरोळी नाई आली."

"तुमी तरी देल्ली काय?"

ती म्हणाली, "घंटाभर थांबा. पाणी टाका. मंग उतरा."

मी मागं वळून पाहिलं. धाकटे पाटील कमरेवर हात ठेवून बांधावर उभे. दहा-पंधरा फेटे माझ्याकडं पाहत होते. आता परत जाऊन सांगायचं, की थांबा, माझी बायको म्हणते एक राहिला. घंटाभर बसा. पलीकडं पाणी वर येऊन राहिलंय, तुम्ही चहा प्या.

मी म्हणालो, "तुले काय समजते?"

ती म्हणाली, "मंग मले अठी उभं काऊन करता?"

मी परत गेलो. बांधाजवळ आल्यावर ओरडलो, "उतरा!"

माणसं उठली. त्यांनी एवढंच पाहिलं, की भाऊ वैनीजवळ गेले, विचारून आले आणि उतरा म्हणाले. म्हणजे मूठ रिकामी असणार. मला खोटं बोलावंच लागलं नाही.

वामन रस्त्यावरून पळत आला. त्याला तिथून गोदा दिसत असे. म्हणे, "भाऊ, वैनीचा हात वर नाई झाला. म्या पाह्यलं."

तुळशीराम दोराला हात घालत म्हणाला, "तुले तर तुह्या बायकोचाबी हात दिसत नाई, त्याच्यात लाटणं असल्याशिवाय!"

सगळे हसले. सोयरेही हसले. मीही हसलो. वामन मागं सरकला. मी त्याला भ्यायच्याच कामावर ठेवलं होतं, आणि ज्या दिवशी तो बरोबर भ्याला त्या दिवशी मी हसलो.

तुळशीराम पहिला उतरला. बाकीचे अजून दोराशीच होते. त्यानं सुटलेला दगड उलथवायला सब्बल घातली. आवाज फार मोठा नव्हता.

त्याच्या उजव्या हाताची तीन बोटं गेली आणि उजवा डोळा गेला. धोतरात गुंडाळून वर काढला, बाजेवर टाकून बैलगाडीनं दवाखान्यात नेला. सारा रस्ता तो एकच विचारत होता, "घण कोठी हाय माहा?" वर बांधावर कोणी उरलं नव्हतं. फेटे सगळे घरी गेले होते.

दवाखान्याच्या ओट्यावर आम्ही बसलो होतो. शेषराव आयुष्यात पहिल्यांदा घाईनं बोलला.

"वैनी, मोजणी तुमच्या हाती व्हती. कश्या चुकल्या?"

गोदानं त्याच्याकडं पाहिलं. मग माझ्याकडं. मी माझ्या वहाणेचा अंगठा पाहत होतो. वामन तोंड उघडणार होता, पण त्याच्या आधी तिनं सांगून टाकलं.

"चुकले."

एवढंच. वामन माझ्याकडं बघत राहिला, मग उठून रस्त्यावर गेला. त्यानंतर तो मरेपर्यंत माझ्याजवळ राहिला, पण त्या दिवसाचं कधी बोलला नाही.

दुसऱ्या दिवशी गाडीत घरी येताना मी तिला विचारलं, असं काऊन बोललीस. ती बैलांकडं पाहत म्हणाली, "माहा भरोसा गेला तर तुमी दुसरं माणूस पाहान मोजाले. तुमचा गेला तर खाली कोणीच उतरत नाई. एवढ्या लोकायची चूल हाय. टोळी फुटू देऊ नोका."

मला बरं वाटलं. हे लिहायला लाज वाटते, पण बरं वाटलं. मी मनात म्हणालो, चार दिवस जाऊ दे, मग सांगू. तुळशीरामचा हात भरू दे, मग सांगू. चार दिवसांचे चार महिने झाले. न सांगितलेली गोष्ट दगडासारखी असते. पहिल्या दिवशी भोक पाडलं नाही तर पुढं तिला हत्यार लागत नाही.

तुळशीराम तीन महिन्यांनी परत आला. घण त्याला धरता येत नव्हता. टोळीवाले म्हणाले, आता याला कशाला घ्यायचं, दया म्हणून? मी त्याला दोरचाकाच्या बैलांवर दिलं. दया नव्हती. माझ्या मनात काय होतं ते मलाच माहीत. पण निघालं वेगळंच. माणसांवर खेकसणारा हा बाप्या बैलांशी असा बोलायचा की टोपलं कधी हिसका न खाता वर यायचं. त्याच्या हाताखाली दोरावर एकही अपघात झाला नाही. घणावर तो बरा होता. बैलांवर त्याच्यासारखा मी पाहिला नाही. हे आधीच ओळखलं असतं तर त्याचा डोळा राहिला असता.

मोजणीचा प्रश्न आला. गोदा म्हणाली, मी उभी राहत नाही. तर तुळशीरामच उठला.

"वैनीच मोजतीन. एकडाव चुकलेलं माणूस दुसऱ्या डाव चुकत नाई. नवीन माणूस आणसान तं त्याची पयली चूक अजून बाकी हाय."

सगळ्यांना पटलं. गोदा परत मुरमावर जाऊन उभी राहिली. आणि मी त्या दिवसापासून तिचा हात वर झाल्याशिवाय तोंड उघडलं नाही. एकदा दुपारपासून दिवस मावळेपर्यंत सगळ्यांना बसवून ठेवलं. गिऱ्हाईक शिव्या देऊन गेलं. ऐकून घेतल्या.

टोळी त्यानंतर अकरा वर्षं चालली. आणि अकरा वर्षं तुळशीरामची एक गंमत चालली. गोदा भाकरी वाढायला आली की तो एक डोळा मिचकावून म्हणायचा, "वैनी, किती वाढल्या? चार का पाच?" सगळे हसायचे. तिला टोचून बोलायची त्याची नियत नव्हती. उलट, तुझ्यावर माझा राग नाही, हे सांगायची ती त्याची रीत होती. पुढं सगळेच म्हणायला लागले. टोपली किती गेली, चार का पाच? पोरं किती, चार का पाच? गिऱ्हाइकांपर्यंत गेलं ते. कोणाचा हिशोब चुकला की त्या भागात लोक म्हणायचे, मुकादमाच्या बायकोची मोजणी झाली.

गोदा हसायची. वाढत राहायची. घरी आल्यावरही तिनं मला कधी ऐकवलं नाही. ऐकवलं असतं तर मी भांडलो असतो आणि मोकळा झालो असतो. तिनं ती सोय ठेवली नाही.

मग यंत्रं आली. एका दिवसात पाताळापर्यंत भोक पाडणारी. टोळी आपोआप सुटली. शेषराव गेला, वामन गेला. तुळशीराम लेकाकडं संग्रामपूरला राहायला गेला.

या श्रावणात गोदा गेली. ताप आला, चार दिवस अंथरुणावर होती, गेली. शेवटच्या दिवशी मी विचारलं, तुळशीरामले सांगू काय? ती म्हणाली, "आता काय विहीर पाडायची हाय?" तिला हो म्हणायचं होतं की नाही, ते मला कळलं नाही.

तेरवीला तुळशीराम आला. पंगतीत बसला. माझी सून पोळ्या वाढत आली. सवयीनं त्याच्या तोंडून निघून गेलं, "किती वाढल्या? चार का..." आणि तिथंच थांबला. चांगल्या डोळ्यातून पाणी आलं. दुसऱ्यातूनही येतं, हे मला माहीत नव्हतं.

मी त्याच्या शेजारी बसलो होतो. तिथंच सांगितलं. गोटा एक उरला होता. तिनं चार सांगितले होते. थांबा म्हणाली होती. उतरा मी म्हणालो.

तो पानावरून उठला नाही. जेवण तिच्या नावाचं होतं. खाली मान घालून सगळं संपवलं, डाव्या हातानं. बाहेर येऊन चूळ भरली. मग म्हणाला,

"डोया गेला त्याचं मी बोलत नाई. उतराची मले खाज व्हती. वामन्या सांगत व्हता तं म्या त्याची फजिती केली. पण अकरा वर्ष म्या तिले चार का पाच केलं, भाऊ. ते आता कोठी नेऊन टाकू?"

मी त्याच्या हातातला तांब्या घेतला.

"सगळ्यायले सांग. जे जे हासले त्या सगळ्यायले."

"अर्धे मेले, तुळशीराम. बाकीचे कोठी हायत, कोणाले ठाव."

"मंग लिहून काढ. छापून आण. दिवाईच्या अंकातलं लोकं वाचतात."

आणि चपला घालून निघाला. पुन्हा आला नाही. मी बोलावलंही नाही.

म्हणून हे लिहिलं. शाळेतल्या मास्तरांनी शुद्ध करून दिलं. ते म्हणाले, शेवटी टोळी कशी बांधावी, यावर नव्या पोरांना दोन शब्द सांगा. मला एकच येतो. ज्याला ज्या कामावर उभं केलं, त्याचं त्या कामात ऐका. नाहीतर उभं करू नका.

बाकी ज्यांच्या शेतात आमच्या टोळीनं विहीर पाडली, त्यांच्या घरी अजून कोणी गमतीनं चार का पाच म्हणत असेल, तर त्यांना माझं एवढंच सांगणं आहे. त्या दिवशी मी पाच वाती पेटवल्या होत्या. गोदावरीनं मोजलं ते बरोबर मोजलं.

चार.